असरिलच्या गाडीतला आवाज

असरिलची गाडी हिरवी होती आणि मुकी होती. इंजिन खोकायचं, मागचं दार करकरायचं, पण गाणं म्हणाल तर नाव नाही. पाडांगात मुकी आंगकोत चालवायची म्हणजे वाजंत्र्यांशिवाय वरात काढायची. समोरासमोर दोन बाकडी, मधे एकमेकांना घासणारे गुडघे आणि बाकड्यांखाली मावेल तेवढा आवाज, अशी आमच्या शहरातली प्रत्येक आंगकोत, म्हणजे वडाप गाडी. शाळा सुटली की पोरंपोरी रस्त्याकडेला उभी राहतात, ती कुठली गाडी आधी लागलीय ते बघत नाहीत, कान टवकारतात. लांबून धडधड आली की म्हणतात, "थांबा गं, बुयुंगची येतेय." असरिल त्यांच्यासमोर दार उघडून थांबलेला असायचा. पोरं त्याच्याकडे बघून हसायची, सलाम करायची आणि जागची हलायची नाहीत.

माझी चहाची टपरी तेलुक बायुर बंदराच्या फाटकासमोर आहे. पासार राया बाजारातून सुटलेल्या गाड्या इथं येऊन वळतात, ड्रायव्हर उतरतात, मला 'उनी', म्हणजे ताई, अशी हाक मारून अंड्याचा चहा मागतात आणि जगाला नावं ठेवतात. असरिल नावं ठेवणाऱ्यांतला नव्हता. चाळिशीचा, किडकिडीत, सदऱ्याची अगदी वरची गुंडीसुद्धा लावणारा. कुणाशी भांडण नाही, कुणाच्या पुढं घुसणं नाही. बाकीचे त्याला इमाम म्हणायचे. "काय इमाम, आज तुझ्या जमातीत किती जण?" असं बुयुंग रोज विचारायचा आणि असरिल रोज हसून चहा ढवळायचा.

एकदा मात्र तो चहा न मागताच बाकावर बसला.

"काय झालं रे?" मी विचारलं.

"विर्दा," तो म्हणाला. विर्दा म्हणजे त्याची थोरली, हायस्कूलात जाणारी. "शाळेसमोर उभा होतो. माझ्या डोळ्यांदेखत गेली आणि बुयुंगच्या गाडीत बसली. पैसे मोजून, उनी. बापाची गाडी फुकट असताना."

"मैत्रिणी असतील बरोबर."

"होत्या ना. म्हणून तर."

त्याच आठवड्यात तो नोफ्रीकडे गेला. नोफ्री मशिदींचे लाउडस्पीकर दुरुस्त करतो आणि लग्नांत ऑर्गन वाजवणाऱ्यांचे खोकेही जोडतो. देवाचं आणि सैतानाचं दोघांचंही माझ्यावाचून अडतं, असं तो स्वतःच सांगतो. कमीत कमी खर्चात गाडीला आवाज कसा येईल, असं असरिलनं विचारलं.

"गाडी विक आणि रेडिओ घे," नोफ्री म्हणाला.

मग तो गाडीत शिरला, पत्र्यावर टकटक करून पाहिली, बाकड्याखाली डोकं घातलं आणि बाहेर येऊन हात झटकत म्हणाला, "स्पीकर जुने चालतील. अ‍ॅम्प्लिफायर जुना चालेल. खोका आपण घरी करू. पण वायर नवी पाहिजे, जाड, तांब्याची, आणि बॅटरीजवळ फ्यूज. तिथं चिकटपणा केलास तर गाडीबरोबर तूही भाजशील."

मग दोघांची भटकंती सुरू झाली. अ‍ॅम्प्लिफायर मिळाला भंगारवाल्याकडे, एका ठोकलेल्या गाडीच्या डिकीत. मोठा स्पीकर मिळाला एका ऑर्गनवाल्याकडे; त्याची कड उंदरांनी खाल्ली होती, ती नोफ्रीनं नवी डकवली. खोक्याला जड, न हलणारं लाकूड हवं होतं. असरिलच्या घरात, म्हणजे त्याच्या बायकोच्या घरात, कारण आमच्याकडे घरं बायकांची आणि नवरे राहायला आलेले, माळ्यावर एक जुना पलंग पडून होता. त्याची डोक्याकडची फळी असरिलनं कापली.

मार्दिया संध्याकाळी बाजारातून आली ती सरळ माळ्यावर गेली. तिला कसं कळलं कोण जाणे.

"माझ्या आजीच्या पलंगाची फळी कापलीस?"

"पडून होता तो."

"पडून होता, पण आमचा पडून होता!"

असरिलनं मान खाली घातली. पण एवढ्यावर संपलं नाही. खोक्यात भरायला सावरीचा कापूस लागतो, नाहीतर आवाज डब्यासारखा येतो, असं नोफ्री म्हणाला होता. निजायच्या वेळी मार्दियानं आपली उशी उचलली आणि ती नुसतीच खोळ निघाली. हे मला तिनंच सांगितलं, हसून हसून डोळे पुसत. कारण रागावली तरी तिलाही नवऱ्याचं कौतुकच वाटत होतं. एवढ्या वर्षांत त्यानं पहिल्यांदाच कशाचा तरी हट्ट धरला होता.

पहिल्या दिवशी आवाज सोडला तर गाणं कमी आणि पत्राच जास्त वाजला. नोफ्रीनं छपराला लावतात ती डांबरी पट्टी आणून दारांच्या पोटात चिकटवली. मग प्रत्येक ठोक्याला गाडीचे दिवे मिचकायला लागले. त्यावर एका पिकअपचा जुना डायनामो बसवला. शेवटी पुढचे दोन लहान स्पीकर राहिले.

"दोन्ही मागं तोंड करून लावू," नोफ्री म्हणाला. "ड्रायव्हरचा कान मोकळा पाहिजे."

"एवढं करून मीच उपाशी?" असरिल म्हणाला. "एक माझ्या डोक्यामागं लाव."

"अरे, तुला गाडी चालवायचीय."

"लाव म्हणतो ना."

नोफ्रीनं लावला.

त्यानंतरचे महिने असरिलच्या आयुष्यातले सगळ्यात मजेचे होते, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. विर्दानं गाणी भरून दिली. शाळेसमोर त्याची गाडी थांबायच्या आधीच भरायला लागली. पोरं दारात लटकायची, पोरी एकमेकींच्या मांडीवर बसायच्या. विर्दा बापाशेजारच्या सीटवर मैत्रिणीला घेऊन राणीसारखी बसायची. असरिलनं गुंडी सोडली, केसांना तेल लावायला लागला, आरशात पोरांची तोंडं बघत बोटांनी स्टिअरिंगवर ताल धरायचा. बुयुंग माझ्या टपरीवर येऊन करवादायचा, "इमामानं मशीद सोडली की!" आणि असरिल त्याला पहिल्यांदाच उलट उत्तर द्यायचा, "ये की तूही, मागं जागा आहे."

त्याच्या गाडीत एक म्हातारी पूर्वीपासून बसायची, एतेक रोसमानियार; एतेक म्हणजे मावशी. उतारावर छोटी मशीद आहे, तिच्या शेजारी तिचं घर. साबुकंदाचे पातळ काप तळून, त्यांना लाल मिरचीचा लेप देऊन विकायची. सकाळी माल घेऊन बाजारात, दुपारी रिकाम्या टोपल्या आणि कच्च्या साबुकंदाचं पोतं घेऊन परत. गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झाल्यापासून तिचा आवाज गेलेला होता. अगदीच गेला नव्हता. कुणी पानं चुरगाळावीत तसा यायचा. म्हणून ती नेहमी असरिलच्या शेजारी पुढे बसायची. उतरायचं असलं की सगळे ओरडतात, "किरी, उदा!" म्हणजे डावीकडे घे, दादा. एतेकला ओरडावं लागत नसे. ती नुसती बोट वर करायची आणि असरिल मशिदीपाशी गाडी लावून, उतरून, तिचं पोतं खाली ठेवायचा.

पण पुढची सीट आता विर्दाची झाली होती. शाळा सुटायची आणि एतेकची परतायची वेळ एकच. ती मागं चढायची, पोरांच्या गुडघ्यांतून वाट काढत पार आतल्या कोपऱ्यात जाऊन बसायची, पोतं पायांत धरून.

एकदा असरिल चहा घेताना हसत हसत म्हणाला, "उनी, गंमत सांगू? एतेक रोसमानियारलासुद्धा गाणी आवडायला लागलीत. आरशात बघितलं, ओठ हलत होते. म्हातारी गुणगुणत होती!"

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. म्हटलं, "मग वाढवलास की नाही आवाज तिच्यासाठी?"

"वाढवला ना," तो म्हणाला.

पुढं एका दुपारी बातमी आली की एतेक पडली. पुलाकडून चढ चढून घराकडे येत होती, डोक्यावर पोतं होतं. गटारावरची फरशी फुटलेली, पाय आत गेला आणि नडगीचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी आम्ही चारपाच शेजारणी बघायला निघालो. असरिल स्वतःहून म्हणाला, "चला, मी नेतो. भाडं नको." जाताना त्यानं बाजारात थांबून संत्री घेतली.

सरकारी दवाखान्याच्या लांब खोलीत एतेक उशीला टेकून बसली होती, पाय प्लास्टरात. तिची मुलगी नेल्मी बालवाडीत शिकवते. ती आईचा दुसरा पाय चेपत शेजारी होती. बायका म्हटल्यावर पहिला प्रश्न तोच. माझ्याच तोंडून निघाला, "एतेक, पोतं घेऊन पुलावर कशाला गेला होतात? घर तर अलीकडे."

नेल्मी उसळलीच. "गेली कुठं होती! रोज पुलापासून मागं चालत येते ही. कितीतरी महिने. मला तरी कुठं माहीत होतं? काल बोलली. हिचा आवाज गेलाय, ही 'किरी' म्हणते ते ड्रायव्हरला ऐकूच जात नाही. गाणी लावून बसतात मेले. पुलावर दुसरं कुणी उतरलं की ही उतरते आणि चढ चढते, ओझ्यासकट."

"अगं बाई! कुणाची गाडी?" आमच्यातल्या एकीनं विचारलं.

"तेच तर सांगत नाही."

एतेकनं डोळे मिटून घेतले. "गाड्या काय," तिच्या त्या चुरगळलेल्या आवाजात ती म्हणाली, "सगळ्या सारख्याच."

मी असरिलकडे बघितलं. तो पलंगाच्या पायाशी संत्र्यांची पिशवी घेऊन उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. पिशवी कुठं ठेवावी हे त्याला कळेना. आधी टेबलावर ठेवली, मग उचलली, मग नेल्मीच्या हातात दिली. "गाडी मधेच लावलीय," एवढं बोलून तो बाहेर गेला. आम्ही खाली आलो तर तो स्टिअरिंगला धरून बसला होता. परतताना गाणं लावलं नव्हतं. बाकड्याखालचा तो मोठा खोका माझ्या पोटऱ्यांना लागत होता, आणि मला पहिल्यांदाच त्याचा राग आला.

बायका उतरल्यावर तो माझ्या टपरीवर बसून राहिला.

"ती गुणगुणत नव्हती, उनी," तो म्हणाला.

मी म्हटलं, "तुला ऐकू गेलं नाही. ऐकून कुणी पुढं नेलं असतं का?"

त्यानं वर बघितलं, आणि मला वाटलं आता तो रडणार. पण रडला नाही. उठून गेला.

त्याच रात्री त्यानं फ्यूज काढून खिशात टाकला. पोरं विचारायची, "उदा, गाणं?" तो म्हणायचा, "बिघडलंय." चार दिवस पोरं आशेनं चढली, मग बुयुंगच्या गाडीत गेली. असरिलनं गुंडी पुन्हा गळ्यापर्यंत लावली. दवाखान्यातून एतेक घरी आली तसा तो तिच्या दारात जायला लागला. कधी पपई, कधी मासे, कधी साबुकंदाचं पोतं. दारात ठेवायचा आणि कुणी बाहेर यायच्या आत निघायचा. नेल्मीनं एकदा गाठलंच. माझ्याकडे साखर न्यायला आली तेव्हा सांगत होती, "उदा असरिलसारखा माणूस मिळायचा नाही, उनी. नात्याचा ना गोत्याचा, पण किती करतो! ज्याच्या गाडीनं आईचे हाल केले तो मेला फिरकलाही नाही, आणि हा बघा."

असरिल मागच्या बाकावर होता. नेल्मीनं त्याला बघितलं आणि तिथंच दोन्ही हात जोडल्यासारखे करून आभार मानले. ती गेली. मी चहा ठेवला, त्याला त्यानं हातही लावला नाही.

"सांगून टाक," मी म्हटलं. "एतेकला माहीतच आहे. नेल्मीलाही कळू दे. ऐकू आलं नाही म्हणून सांग, संपलं."

"तसं असतं तर सांगितलं असतं."

"म्हणजे?"

मग त्यानं सांगितलं. एका दुपारी गाडी उतारावर होती. विर्दा पुढे बसली होती, तिनं मागं वळून बघितलं आणि बापाचा दंड धरला. "आपा, एतेकना उतरायचंय." मशीद अजून यायची होती, थांबता आलं असतं. पण आरशात मागून बुयुंगची गाडी येत होती, आणि पुलावर पोरांचा एक घोळका उभा होता. असरिल थांबला असता तर तो घोळका बुयुंगला मिळाला असता. "पुलावर थांबतो," असं तो विर्दाला म्हणाला. पुलावर पोरं चढली. एतेक त्यांच्यातून अंग चोरत उतरली. तिनं पैसे दिले तेव्हा असरिलनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही, कारण नवी पोरं मोजत होता.

"त्या एका दिवशी मला माहीत होतं, उनी. बाकीचे दिवस ऐकू आलं नाही, ते खरंय. पण त्या दिवशी माहीत होतं. आणि एकदा माहीत झाल्यावर दुसऱ्या दिवशी आठवायला नको? दुसऱ्या दिवशी मी विसरलो होतो. गाणं चांगलं लागलं होतं."

विर्दा घरात त्याच्याशी बोलेनाशी झाली होती, तेही त्यानं तेव्हाच सांगितलं. दवाखान्याची बातमी ऐकून ती एवढंच म्हणाली होती, "मी सांगितलं होतं तुम्हाला." फ्यूज काढल्यावर त्याला वाटलं ती खूश होईल. पण ती म्हणाली, "आपा, गाणं बंद करून एतेकचं हाड जुळणार आहे का? तिच्याकडे जाऊन बोलायचं सोडून तुम्ही गाडीलाच उपास घडवताय." पोर बोलायला तिखट, आजीवर गेलीय. पण खोटं काही बोलली नव्हती.

तो गेला. एतेक ओसरीवर खुर्चीत, पाय स्टुलावर, मांडीवर फळी घेऊन साबुकंद चिरत होती. तिथं काय झालं ते मला दोघांनीही सांगितलं, आणि दोघांचं सांगणं सारखंच होतं.

"एतेक, ती गाडी माझी होती," असरिल उभ्या उभ्या म्हणाला.

"मग? मला ठाऊक नाही कुणाच्या गाडीत बसत होते ते? पाय मोडलाय माझा, डोळे नाहीत फुटले. बस खाली."

तो पायरीवर बसला.

"तुला ऐकू जात नव्हतं," एतेक म्हणाली. "मलाही ओरडता येत नव्हतं, आणि पोरांना सांगायची लाज वाटायची. म्हातारीचा आवाज गेला म्हणून हसली असती. तू इतका खुशीत असायचास. म्हटलं, चालू थोडं. चढ काही मोठा नाही. ती फरशी फुटली नसती तर काहीच झालं नसतं."

इथंच तो उठून आला असता तर सगळं निभावलं असतं. पण असरिलनं ती दुसरी गोष्टही सांगितली. विर्दा काय म्हणाली, मागून कोण येत होतं, पुलावर कोण उभं होतं. काही झाकलं नाही.

एतेकची सुरी थांबली.

"हे नसतं सांगितलंस तर चाललं असतं," ती म्हणाली.

"मला राहवेना, एतेक."

"तुला राहवेना. आता तुझ्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि माझ्या डोक्यावर आलं. आजवर मी म्हणत होते, पोराला ऐकू आलं नाही." तिनं सुरी बाजूला ठेवली. "जा आता घरी."

नेल्मी आतून सगळं ऐकत होती. दुसऱ्या दिवशी असरिल भाजी घेऊन गेला तर तिनं फाटकातच अडवलं. "आई झोपलीय." त्याच्या पुढच्या दिवशीही झोपलेली. भाजी परत माझ्या टपरीवर यायची, मी बाजारभावानं विकत घ्यायची. तरी तो जायचा. "कशाला जातोस?" मी विचारलं. म्हणाला, "न जाऊन काय करू?"

प्लास्टर काढायचा दिवस आला तेव्हा नेल्मीच्या बालवाडीत तपासणी होती, तिला सुट्टी मिळेना. सकाळी एतेकचा निरोप आला, माझ्याच हाती: असरिलला सांग, गाडी घेऊन ये.

तो आला. गाडी आतून बाहेरून धुतलेली. मी बरोबर गेले, एतेकला आधार द्यायला. तिला पुढं बसवलं, मी मागं. अख्ख्या गाडीत आम्ही तिघं. बाजाराच्या रस्त्याला लागलो तशी एतेक म्हणाली, "गाणं का नाही?"

"काढून टाकलं, एतेक."

"सगळं? तो खोका तर आहे मागं."

"फ्यूज काढलाय."

"कुठाय?"

असरिलनं सदऱ्याच्या खिशातून फ्यूज काढून दाखवला. एवढे दिवस तो तिथंच होता.

"घाल तो जागेवर," एतेक म्हणाली. "रिकामी गाडी घेऊन तोंड पाडून फिरतोस. बघणाऱ्याला वाटेल, या बाईला पुरायलाच नेतोय. मार्दिया काय खाणार? पोरगी शिकायची आहे ना तुझी?"

"मग पुन्हा कुणाचं 'किरी' ऐकू आलं नाही तर?"

"ते तू बघ. मी काय मेकॅनिक आहे?"

तो पुन्हा नोफ्रीकडे गेला. नोफ्रीनं पहिल्यांदा काय केलं असेल तर डोक्यामागचा स्पीकर उपटून काढला आणि असरिलच्या हातात दिला. "हा घरी ने. उशीत घाल." मग दारावरच्या घंटीची बटणं आणून त्यानं छताच्या दांडीला दोन्ही बाजूंनी ओळीनं बसवली. कुठलंही बटण दाबलं की गाणं जागच्या जागी गप्प आणि ड्रायव्हरसमोर लाल दिवा. गाडी थांबून ड्रायव्हरनं आपल्या हातानं चालू करेपर्यंत आवाज यायचाच नाही. असली जोडणी आमच्या मार्गावर कुणी पाहिली नव्हती. बुयुंग म्हणाला, "इमामानं गाडीला दाराची घंटी लावली! आत कोण राहतं रे?"

पोरांनी तर उच्छाद मांडला. ऐन रंगात आलेलं गाणं कुणीतरी मुद्दाम मारायचं आणि सगळी खिदळायची. असरिल प्रत्येक वेळी गाडी बाजूला घ्यायचा, मागं वळून विचारायचा, "कुणाला उतरायचंय?" कुणाला नसायचं. तो पुन्हा निघायचा. चार पावलांवर पुन्हा बटण, पुन्हा तो थांबायचा, पुन्हा तेच विचारायचा, न रागावता. एक दिवस विर्दाच पोरांवर ओरडली, "बास की रे! आपा थांबतातच, दिसत नाही का?" तेव्हापासून ती खोडी कमी झाली. बंद झाली नाही. गर्दी बुयुंगच्या गाडीइतकी कधी झाली नाही, पण गाडी रिकामीही राहिली नाही.

एतेकचा पाय जुळला, पण थोडा आखूड राहिला. हलतडुलत चालते. बाजारात पुन्हा जायला लागली. सकाळ-दुपार असरिलच्याच गाडीत, पुढच्या सीटवर. विर्दा आपणहून मागं गेली. पोतं तो ओसरीपर्यंत नेऊन टाकतो, गाडीतले लोक कुरकुरले तरी. नेल्मी त्याला अजून पुन्हा 'उदा' म्हणत नाही. 'तुम्ही' म्हणते, नाव न घेता.

रमजान संपला आणि ईद आली. आमच्याकडे ईदेला सगळं शहर एकमेकांची माफी मागत फिरतं. वर्षभरात कळत नकळत जे केलं त्याची माफी करा, असं म्हणत हात हातात घ्यायचे. समोरचाही तेच म्हणतो, की लगेच ताटं येतात. कुणी कशाची माफी मागतोय हे विचारायची रीत नाही. मी एतेककडे बसले होते तेव्हा असरिल आला, मार्दिया आणि विर्दाला घेऊन. नवा सदरा होता. मार्दिया माफी मागून आत गेली, विर्दाही. असरिल एतेकसमोर गुडघ्यांवर बसला, तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि रीतीचं वाक्य म्हणाला.

एतेकनं सगळ्यांना जे उत्तर दिलं होतं ते त्याला दिलं नाही. हात सोडवूनही घेतला नाही.

"एतेक?" तो म्हणाला.

"माफ केलं म्हणाले तर तू यायचं बंद करशील."

"नाही करणार."

"करशील. आधी आठवड्यानं येशील, मग पोरीला पाठवशील. माणसाचं असंच असतं." तिनं हात सोडवला आणि केतुपातचं, म्हणजे झावळीत शिजवलेल्या भाताचं, आणि मटणाच्या रेंदांगचं ताट त्याच्याकडे सरकवलं. "खा. रेंदांग नेल्मीनं केलंय, तिला जाऊन सांग चांगलं झालंय म्हणून."

असरिलनं ताट मांडीवर घेतलं. विर्दा त्याच्या शेजारी येऊन बसली. हळूहळू खात त्यानं ताट साफ केलं. मग उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेला आणि नेल्मीला म्हणाला, "चांगलं झालंय."

नेल्मी पातेलं घासत होती. तिनं वर न बघता विचारलं, "अजून हवंय?"